साधनाची ओळख आणि तिची परीक्षा



एखाद्या घरची सर्व मंडळी परगावी गेली आहेत आणि स्वयंपाकघर पाहुण्याच्या स्वाधीन झाले आहे, अशी कल्पना करा. फडताळात दोन बरण्या आहेत. एकीत खाण्याचा सोडा, दुसरीत धुण्याचा; आणि दोहोंवर चिठ्ठी एकच : 'सोडा'. घरच्या गृहिणीचे त्या चिठ्ठीवाचून काही अडत नाही. वरच्या खणातली बरणी कोणती आणि खालच्या खणातली कोणती, हे तिला अंधारातही कळते. चिठ्ठीची खरी परीक्षा होते ती पाहुण्याच्या हातून. चिठ्ठी खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि तिचे हे अपुरेपण घरच्या माणसाला दिसणे कठीण, कारण त्याला ती वाचावीच लागत नाही.

आजचा विषय याच जातीचा आहे. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे 'एजंट' निर्माण झाले, ते असेच परक्या घरातले पाहुणे आहेत. आपण साध्या भाषेत सांगतो, "माझे उद्याचे तिकीट रद्द करून परवाचे काढ." एजंट स्वतः तिकीट काढू शकत नाही. त्याच्यापुढे सॉफ्टवेअरच्या साधनांची एक यादी ठेवलेली असते. प्रत्येक साधनाचे नाव, ते काय करते याची चार वाक्ये, आणि त्याला कोणता तपशील पुरवावा लागतो याचा तक्ता, एवढेच त्या यादीत असते. साधनाच्या पोटात काय चालते ते त्याला सहसा दिसत नाही. ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये अशी साधने मॉडेलच्या हाती देण्याची सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत प्रसिद्ध केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवली. साधने वाढली, तशी त्यांची वर्णनेही वाढली. ही वर्णने चांगली की वाईट, हे ठरवायचे कसे? प्रश्न नवा वाटतो खरा. पण त्याचा इतिहास सत्तर वर्षांहून जुना आहे.

त्यासाठी आपल्याला इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात जावयास हवे. तेथे मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले एडसॅक हे गणकयंत्र मे १९४९ मध्ये प्रथम चालू झाले. वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, उत्तर छापणे अशी कामे प्रत्येक गणितात पुन्हा पुन्हा येत. ती प्रत्येकाने नव्याने रचण्याऐवजी एकदाच रचून कागदी फितीवर भोके पाडून ठेवावी आणि ज्याला हवी त्याने आपल्या फितीत तिची नक्कल जोडून घ्यावी, अशी योजना तेथे झाली. १९५१ पर्यंत अशा ८७ उपक्रियांचा संग्रह तयार झाला. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या विषयावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या संग्रहाची वर्णनेही दिली होती. उपक्रिया यंत्राच्या स्मृतीत किती जागा व्यापते, तिला किती वेळ लागतो, कोणत्या जागा ती मध्येच वापरून टाकते, असा तपशील त्यात असे. आजच्या एजंटापुढे जी यादी ठेवली जाते, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९५२ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या सभेत व्हीलर यांनी एक छोटासा निबंध सादर केला. उपक्रिया रचून झाली, तपासून झाली, तरी काम संपत नाही. जो तिच्या अंतरंगाशी परिचित नाही त्यालाही ती सहज वापरता यावी असे तिचे वर्णन लिहावयाचे उरते, आणि कदाचित हेच काम सर्वांत कठीण असते, असा त्यांचा अभिप्राय होता. ज्या मनुष्याने यंत्राच्या अरुंद स्मृतीत अवघड गणिते बसवण्यात नैपुण्य मिळवले, त्याला चार ओळींचे वर्णन अधिक कठीण वाटावे, यात नवल करण्यासारखे काही नाही. गणित बसले की नाही ते यंत्र लगेच सांगते. वर्णन बसले की नाही हे सांगणारे यंत्र तेव्हा नव्हते.

पुढील वीस वर्षांत वर्णनाची शिस्त वाढत गेली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली निर्माण केली आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली माहितीपुस्तिका काढली. प्रत्येक साधनाला ठरीव साच्याचे पान मिळाले : नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित साधने. त्यात एक मथळा 'दोष' असा होता. आपल्याच साधनातले न्यून त्याच्याच पानावर छापावयाचे, हा प्रामाणिकपणा त्या पुस्तिकेचे भूषण होय. पुढे १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी वर्णनाचे तत्त्वच मांडले. वापरणाऱ्याला वापरण्यापुरती सर्व माहिती द्यावी, आणि त्याहून अधिक काही देऊ नये, असा त्याचा आशय. यातला पहिला अर्धा सर्वांना पटतो; दुसरा अर्धा पाळणे जड जाते. फाफटपसाऱ्यात कामाची ओळ हरवली, तर ती न लिहिल्यासारखीच होते.

शिस्त आली म्हणून संकट टळले असे मात्र नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात अवघ्या चाळीस सेकंदांच्या आत भरकटून नष्ट झाले. एरियान-४ वर उत्तम चाललेले सॉफ्टवेअर त्यावर तसेच बसवले होते. एक विशिष्ट संख्या अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही, हे त्यात गृहीत धरलेले होते. जुन्या अग्निबाणाच्या वेगाला ते लागू होते, नव्याच्या वेगाला नव्हते. आणि हे गृहीत कृत्य वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोठेही ठळकपणे लिहिलेले नव्हते. दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मंगळाभोवती फिरावयास निघालेले एक यान हरवले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर बलाचा आवेग पौंडांच्या मापात देत होते, आणि ते आकडे घेणारे दुसरे सॉफ्टवेअर ते न्यूटनच्या मापात आहेत असे समजत होते. मापे साडेचार पटींनी चुकत राहिली. येथे कोणते माप वापरावे ते कागदावर स्पष्ट लिहिलेले होते! पहिल्या प्रसंगी वर्णनात हवी ती ओळ नव्हती. दुसऱ्या प्रसंगी ओळ होती, पण तिच्याप्रमाणे काम होते की नाही हे कोणी वेळीच पडताळले नाही. वर्णन असणे आणि वर्णन कामी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या दोन अपघातांनी मिळून दिला.

आता आपण विचाराल की, वर्णने इतकी अपुरी असताना सॉफ्टवेअरचा हा अफाट व्यवहार इतकी वर्षे चालला कसा? याचे उत्तर असे की, माणूस हा फार सोशिक वाचक आहे. पुस्तिकेत उलगडा झाला नाही तर तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारतो. आतली रचना उघडून पाहतो. एकदा भीत भीत करून बघतो आणि चुकले तर हसून सुधारतो. पुष्कळशी विद्या अशी गुरुमुखातूनच चालत आली, आणि छापील वर्णन हे जाणत्यांच्या आठवणीला टेकू देण्यापुरते राहिले. एजंट आला आणि हा टेकू एकदम मुख्य खांब झाला. त्याला शेजारी नाही, पूर्वीची आठवण बहुधा नाही, आणि संकोचही नाही. वर्णनात जे नाही ते तो तर्काने भरून काढतो आणि कामाला लागतो.

हा तर्क कोठवर जातो हे मे २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी 'गोरिला' या नावाने प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले. मॉडेले अस्तित्वातच नसलेली साधने बिनदिक्कत वापरावयास निघत. ताजी वर्णने समोर ठेवली म्हणजे हा प्रकार पुष्कळ आटोक्यात येई. पुढे त्याच विद्यापीठात अशा कसोट्यांची एक सार्वजनिक क्रमवारी चालू झाली. तीत एक मार्मिक प्रश्नप्रकार आहे : यादीतले एकही साधन कामाचे नसेल, तर एजंट हात आवरतो काय? २०२४ मधील 'टाऊ-बेंच' नावाच्या कसोटीने दुकान आणि विमानप्रवास यांतले व्यवहार घेतले. एजंट किती गोड बोलला याला तेथे महत्त्व नाही. शेवटी नोंदवहीत जी नोंद उरली ती बरोबर की चूक, हे मुख्यतः पाहतात. त्या वेळच्या अव्वल दर्जाच्या एजंटाला निम्म्याहून कमी कामे जमली. दुकानाच्या विभागात तेच काम आठ वेळा देऊन आठही वेळा बरोबर येण्याचे प्रमाण तर शेकडा २५ च्याही खाली होते.

परंतु या परीक्षा मुख्यतः एजंटाच्या आहेत, वर्णनाच्या नव्हेत, हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. वर्गातला एक विद्यार्थी नापास झाला तर दोष त्याचा असू शकेल. सगळा वर्ग एकाच प्रश्नावर अडखळला, तर क्रमिक पुस्तकच तपासावयास हवे. वर्णनाची परीक्षा घ्यावयाची तर एजंट तोच ठेवावा, कामे तीच ठेवावी आणि फक्त वर्णन बदलावे. मग चार गोष्टी मोजाव्या. योग्य साधन निवडले गेले काय? तारीख, माप, खातेक्रमांक हा तपशील नीट भरला गेला काय? जेथे साधन वापरावयाचे नव्हते तेथे ते वापरले गेले नाही ना? आणि अखेरची स्थिती अपेक्षेप्रमाणे आली काय? एकदा उत्तर बरोबर आले म्हणून भागत नाही. तीच कामे पुन्हा पुन्हा करवून घेतली पाहिजेत. ज्या कामांवरून वर्णन सुधारले, त्यांवरच त्याची परीक्षा घेणे म्हणजे फोडलेल्या प्रश्नपत्रिकेवर गुण देणे होय. म्हणून काही कामे अगोदरच बाजूला राखून ठेवावी लागतात. शिवाय एका एजंटाला जे सुबोध वाटते ते दुसऱ्याला वाटेलच असे नाही, म्हणून परीक्षकही एकाहून अधिक असावेत. वर्णन नुसते वाचून त्याला गुण देणे, मग ते माणसाने दिलेले असोत की दुसऱ्या मॉडेलने, याचा उपयोग मुद्रितशोधनाइतका. राहिलेली उणीव त्याने सापडेल. पण चिठ्ठी पुरेशी आहे की नाही ते पाहुण्याने स्वयंपाक केल्यावरच कळते.

अशा निरीक्षणातून केवढी बारीक गोष्ट हाती लागते याचा एक दाखला अँथ्रॉपिकने २०२५ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. त्यांच्या मॉडेलला माहिती शोधण्याचे साधन दिल्यावर ते शोधाच्या शब्दांना कारण नसताना '२०२५' हे साल जोडू लागले, आणि त्यामुळे मिळणारी माहिती एकांगी होऊ लागली. साधनात बिघाड नव्हता. वर्णन सुधारले आणि खोड गेली. वर्णन केवळ वाचून हा दोष कोणाच्या लक्षात आला असता असे वाटत नाही.

याला आणखी एक काळी बाजू आहे. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, बेरीज करण्याच्या निरुपद्रवी साधनाच्या वर्णनातही छुपी आज्ञा घालता येते : आधी मालकाची गुप्त किल्ली वाच आणि गुपचूप सोबत पाठव. मालकाला पडद्यावर दिसते ती साधी बेरीज. एजंटाला दिसते ते संपूर्ण वर्णन. वर्णन सुबोध आहे, एजंट त्याप्रमाणे अचूक वागतो, आणि घात होतो. म्हणून सुबोधपणा हा चांगल्या वर्णनाचा एक गुण झाला; खरेपणा हा दुसरा, आणि तो निराळा तपासावा लागतो.

श्रोतेहो, हा वाद तज्ज्ञांपुरता आहे असे समजू नये. केंब्रिजच्या गणितज्ञाने वर्णन चुकीचे वाचले तर त्याचा दिवस वाया जाई, आणि तो स्वतःच ते भोगी. आज वर्णन लिहितो एक, वाचतो एजंट, आणि तिकीट रद्द होते किंवा पैसे जातात ते तिसऱ्याचेच. त्या तिसऱ्याने ते वर्णन कधी पाहिलेलेही नसते. तेव्हा ज्या बँका, कचेऱ्या आणि संस्था आपला कारभार अशा एजंटांच्या हाती देतील, त्यांना दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हा आम्हा सर्वांना आहे. तुमच्या साधनांची वर्णने कोणी लिहिली? आणि ती परक्याच्या हातात देऊन कितीदा तपासली? व्हीलर यांनी ज्या कामाला कठीण म्हटले, ते आजही कठीणच आहे. मात्र त्याची परीक्षा घेण्याची सोय आता झाली आहे, आणि सोय असूनही जो परीक्षा घेणार नाही त्याला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.