उसन्या फूटपट्ट्या

दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या तीनशेच्या आसपास तगड्या पोरांची मोजदाद होते. उंची, वजन, हाताची लांबी, ताणलेल्या पंजाची वीत, चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ, जागेवरून मारलेली उंच उडी. या पोरांत पंधरा-वीस क्वार्टरबॅक असतात आणि बहुतेक सगळ्या नजरा त्यांच्यावरच खिळलेल्या असतात. पुढे एप्रिलमध्ये ‘एनएफएल’ या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड, होतो आणि या आकड्यांच्या भरवशावर संघ कोट्यवधी डॉलरचे करार करतात. पण एकेका मापाचं मूळ शोधायला गेलं, तर एक मजेशीर गोष्ट हाती लागते. यातली बहुतेक मापं क्वार्टरबॅकसाठी बनलेलीच नाहीत. कुठलं पंटमागे धावणाऱ्यांचं, कुठलं कारकून भरतीचं, कुठलं डॉक्टरांच्या सोयीचं.

आधी क्वार्टरबॅक करतो काय, ते पाहू. आजच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये बहुतेक चालींची सुरुवात चेंडू त्याच्या हातात येण्याने होते. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावून येत असतात. तेवढ्यात चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने ठरवायचं. त्यासाठी त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. हे काम बाहेरून मोजता येत नाही. म्हणून जे मोजता येतं ते मोजायचं, हा रिवाज पडला.

ड्राफ्टचा जन्म १९३५ सालचा. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल रडकुंडीला आले होते. चांगला खेळाडू दिसला की जास्त पैसे मोजणारा आणि जास्त जिंकणारा संघ त्याला पळवायचा. आपण आयपीएलमध्ये बघतो तो लिलाव चालू होता, फक्त प्रत्येकाच्या थैलीला घातलेली मर्यादा तिथे नव्हती. बेल यांनी मे महिन्यात बैठकीत प्रस्ताव मांडला की बोली बंद करू, पाळीने निवड करू आणि सगळ्यांत मागे राहिलेल्या संघाला पहिली पाळी देऊ. प्रस्ताव मंजूर झाला. त्या मोसमात सगळ्यांत मागे राहिलेला संघ बेल यांचाच निघाला.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघांचे लोक जमले. फळ्यावर नव्वदेक नावं लिहिलेली होती आणि ती आली होती मुख्यतः वर्तमानपत्रांतून आणि ऐकीव माहितीतून. पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, तोवर कोणाकडे नव्हता. नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले गेले. पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचा. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही, फोम रबर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. दुसरा निवडला गेला अलाबामाचा रायली स्मिथ. तो कॉलेजात क्वार्टरबॅक होता, पण मुख्य काम म्हणजे समोरच्यांना अडवून दुसऱ्याला वाट करून देणं. त्या काळच्या ‘सिंगल विंग’ रचनेत चेंडू सहसा दुसऱ्याच खेळाडूच्या हाती जायचा. म्हणजे पारखायचं ज्याला, तो क्वार्टरबॅक तेव्हा घडलाच नव्हता.

तो घडला १९४० मध्ये. शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांनी क्लार्क शॉनेसी यांच्या मदतीने जुनी ‘टी’ रचना नव्याने घासूनपुसून काढली. तिच्यात क्वार्टरबॅक मधल्या गड्याच्या अगदी पाठीशी उभा राहतो आणि प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्याकडे येतो. हॅलस यांनी या कामासाठी हेरलेला सिड लकमन कोलंबिया विद्यापीठात जुन्याच रचनेत खेळलेला होता. नवी रचना त्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. पण ८ डिसेंबर १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सनी वॉशिंग्टनचा ७३-० असा फडशा पाडला. त्यानंतर काही वर्षांत बहुतेक संघ ‘टी’कडे वळले आणि क्वार्टरबॅक नावाच्या माणसाचा भाव वाढला. त्याला शोधायचं कसं, हा प्रश्न आता कुठे उभा राहिला.

पहिली उत्तरं साधी होती. लॉस अँजेलिस रॅम्सनी एडी कोटल यांना पूर्णवेळ स्काउट नेमलं आणि ते देशभर कॉलेजं पालथी घालू लागले. त्याच सुमारास क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी खेळाडूंना वर्गात बसवलं, वह्या दिल्या, सामन्यांच्या फिती लावून प्रत्येकाच्या प्रत्येक हालचालीला गुण द्यायला सुरुवात केली. चाळीस यार्डांची धावही त्यांच्याच नावावर आहे. कारण अगदी व्यवहारी होतं. पंट, म्हणजे लाथेने उडवलेला चेंडू, साधारण चाळीस यार्डांवर जाऊन पडतो. त्याच्यामागे पळणारा गडी किती वेळात तिथे पोचतो, ते ब्राउन यांना हवं होतं. पंटमागे क्वार्टरबॅक धावत नाही. एकदा घड्याळ हाती आलं म्हटल्यावर मात्र त्याचीही वेळ मोजली जाऊ लागली. खुद्द ब्राउन यांनी आपला क्वार्टरबॅक घड्याळ लावून निवडला नव्हता. १९४१ मध्ये ओहायो स्टेटला शिकवत असताना त्यांच्या संघाला त्या मोसमातला एकमेव पराभव नॉर्थवेस्टर्नकडून पत्करावा लागला. तो ज्याच्यामुळे झाला, त्या ऑटो ग्रॅहमला ते विसरले नाहीत. पुढे ग्रॅहम दहा मोसम ब्राउन्सकडून खेळला आणि दहाही वेळा संघ अंतिम सामन्यात होता.

डोळा दगाही देतो. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी लुइव्हिलच्या जॉनी युनायटसला नवव्या फेरीत घेतलं आणि मोसम सुरू होण्याआधीच घरी पाठवलं. तो सामन्यामागे सहा डॉलर घेऊन अर्धव्यावसायिक संघातून खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी त्याला उचललं आणि १९५८ चा अंतिम सामना त्याने जादा वेळेत जिंकून दिला. टीव्हीवर तो सामना पाहून अमेरिका या खेळाच्या नादी लागली, असं मानतात.

अशा चुका महाग पडू लागल्या, तसे संघ खर्च वाटून घेऊ लागले. १९६३ मध्ये लायन्स, ईगल्स आणि स्टीलर्स यांनी मिळून स्काउटांची एकच फौज उभी केली. पुढे बेअर्स आले आणि तिचं नाव ‘ब्लेस्टो’ पडलं. स्काउटांचे कागद ढिगाने येऊ लागले आणि नवीच अडचण निघाली. एकाने लिहिलेलं ‘चपळ’ आणि दुसऱ्याने लिहिलेलं ‘चपळ’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असायचा.

ती सोडवली डॅलस काउबॉइजनी आणि इथे एक भारतीय माणूस येतो. काउबॉइजचे टेक्स श्राम पूर्वी सीबीएस वाहिनीत होते. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाच्या वेळी त्यांनी आयबीएमचे संगणक निकाल काढताना पाहिले होते. हे यंत्र खेळाडूही निवडेल का, असं त्यांनी आयबीएमच्या एका उपकंपनीला विचारलं आणि ते काम सलाम कुरेशी या भारतातून गेलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे आलं. कुरेशींना अमेरिकी फुटबॉलचा गंध नव्हता आणि तेच पथ्यावर पडलं. कोणता खेळाडू चांगला, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे चांगला म्हणजे नक्की काय, हे ते प्रशिक्षकांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेकडो विशेषणं गाळत गाळत पाच गुण उरले: स्वभाव, चपळाई व शरीरावरचा ताबा, जिद्द, बुद्धीची तरतरी, आणि ताकद व उसळी. स्काउटाने वर्णन लिहायचं नाही, ठरलेल्या वाक्यांपुढे आकडा टाकायचा. पुढे कोणता स्काउट हात सैल सोडून गुण देतो आणि कोणता आखडून, याचाही हिशेब करता येऊ लागला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं ते सर्वांत हुशारीचं पाऊल होतं, कारण तिथे पहिल्यांदा मोजणाऱ्याचीच मोजणी झाली.

पण पाच रकान्यांतला ‘बुद्धीची तरतरी’ हा रकाना कोण कसा भरत होतं? उसन्या मापांत सर्वांत जुनं माप कुठल्याही यंत्रातलं नव्हतं. काळा मुलगा धावेल, झेल घेईल, पण संघ हाकू शकणार नाही, ही समजूत आसपासच्या समाजातून जशीच्या तशी मैदानावर आली होती. ओमाहाच्या मार्लिन ब्रिस्कोला १९६८ मध्ये डेन्व्हर ब्राँकोजनी चौदाव्या फेरीत बचावफळीसाठी घेतलं. दुखापतींमुळे त्याला क्वार्टरबॅकची जागा मिळाली आणि त्याने १४ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, फेकले. पुढच्या वर्षी ती जागा गेली आणि तो बफेलोत जाऊन झेल घेणारा झाला. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोल या कॉलेज सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नाही. त्याने कॅनडात एडमंटनला सलग पाच ग्रे कप जिंकून दिले आणि मग तो अमेरिकेत परतला. अगदी २०१८ मध्येही लामार जॅक्सनने क्वार्टरबॅकचा हट्ट सोडावा, असं जाणते लोक उघड म्हणत होते. पहिल्या फेरीत तो सगळ्यांत शेवटी, ३२ वा गेला. पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही एकमताने.

बुद्धी मोजायची, तर त्यासाठीही माप बाहेरूनच आलं. एल्डन वंडरलिक यांनी १९३० च्या दशकात नोकरभरतीसाठी एक छोटी चाचणी बनवली होती: बारा मिनिटं, पन्नास प्रश्न. डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी १९७० च्या दशकात ती खेळाडूंपुढे ठेवली आणि बघता बघता सगळीकडे तिचा रिवाज झाला. एनएफएलच्या खेळाडूंत पन्नासपैकी पन्नास मिळवल्याची ख्याती पॅट मॅकिनली याची. तो हार्वर्डचा, पण पंट मारायचा आणि झेल घ्यायचा. इंडियानापोलिसच्या मोजदादीतून, म्हणजे ‘कंबाइन’मधून, ही परीक्षा २०२२ मध्ये उठली.

‘कंबाइन’ म्हणजे सगळ्यांची एकत्र तपासणी, तिचं मूळ दवाखान्यात आहे. पूर्वी एकाच मुलाचा एकच गुडघा निरनिराळ्या शहरांत निरनिराळे डॉक्टर तपासायचे. तो खटाटोप वाचावा म्हणून १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या टँपात १६३ खेळाडूंना एकत्र बोलावलं. १९८५ मध्ये सगळे संघ त्यात आले आणि १९८७ मध्ये मुक्काम इंडियानापोलिसला हलला. तपासणीला आलेच आहेत, तर पळवूनही बघू, फेकायलाही लावू, असं करत करत त्याची जत्रा झाली. ड्राफ्ट स्वतः १९८० पासून ईएसपीएन वाहिनीवर दिसत होताच.

ड्राफ्टची तीन वर्षं या धंद्यातल्या लोकांना तोंडपाठ असतात. १९८३ मध्ये पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले. त्यांत सहावा, एकूण २७ वा निवडला गेलेला डॅन मरिनो कीर्तीत पहिल्या निवडीच्या जॉन एल्वेच्या बरोबरीला जाऊन बसला. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग मोठा की रायन लीफ, यावर जाणकारांत खरोखर दुमत होतं. लीफचा हात अधिक ताकदीचा म्हणायचे. त्याची कारकीर्द १४ टचडाउन पास आणि ३६ इंटरसेप्शनवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकींवर, आटोपली. २००० मध्ये चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत रखडत पार करणारा टॉम ब्रेडी १९९ वा गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्या सहांनी मिळून मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले शून्य, एकट्या ब्रेडीने सात.

तरीही मोजणं थांबलं नाही. २०२० मध्ये जो बरोची वीत नऊ इंच भरली आणि पंजा लहान म्हणून चर्चा झडली. आता निवृत्तीचा विचार करतो, असा विनोद त्याने केला आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. २०२३ मध्ये ‘एस-टू’ या मेंदूच्या चाचणीतला सी. जे. स्ट्राउडचा अगदी कमी गुण फुटला. त्या मोसमातला आक्रमणातला सर्वोत्तम नवखा तोच ठरला.

मैदानातूनच उपजलेली मापं थोडी आहेत आणि ती रटाळ आहेत. प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांचे नियम त्यातले: मुलगा तीन वर्षं संघाचा मुख्य क्वार्टरबॅक असावा, पदवी घेतलेला असावा, किमान ३० सामने सुरुवातीपासून खेळलेला असावा. डेव्हिड लुइन याने २००६ मध्ये आकडेमोड करून जवळपास तेच सांगितलं: कॉलेजात किती सामने खेळला आणि शंभरातले किती पास पोचवले, ते बघा. बिल वॉल्श यांची रीत वेगळी. ते फेकणाऱ्याच्या पायांकडे बघायचे. ज्याचा हात कमकुवत म्हणून इतरांनी सोडला, तो जो मोंटाना त्यांना १९७९ मध्ये तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर मिळाला. त्याने त्यांना तीन सुपर बोल जिंकून दिले आणि चौथा ते गेल्यावर.

मात्र नेम चुकण्याचं सारं खापर मापांवर फोडता येत नाही. दोष थोडा बेल यांच्या मूळ नियमातच आहे. सगळ्यांत नावाजलेला मुलगा सगळ्यांत दुबळ्या संघाकडे जातो. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ उभा राहिला आणि पहिल्या निवडीत त्याने डेव्हिड कारला घेतलं. अडवणारी फळी कच्ची होती. पहिल्याच मोसमात कारला ७६ वेळा चेंडूसकट आडवं केलं गेलं, तो विक्रम आहे. त्याला पारखण्यात चूक झाली होती का, हे कोणालाच सांगता येणार नाही. उलट २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा ब्रॉक पर्डी पडला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या भरभक्कम संघात आणि दुसऱ्याच मोसमात सुपर बोल खेळला.

म्हणून कुरेशींनी घातलेला पायंडा अर्धाच राहिला, असं मला वाटतं. त्यांनी मोजणाऱ्या स्काउटाला हिशेबात घेतलं, पण निवडणाऱ्या संघाला नाही. मुलाची वीत इंचाच्या आठव्या भागापर्यंत नोंदवली जाते. त्याला नेणाऱ्या संघाची फळी किती सेकंद तग धरते, दर दोन वर्षांनी तिथला प्रशिक्षक बदलतो का, हे सारं संघांच्या दफ्तरी असतं. मुलाच्या कागदावर मात्र त्यासाठी रकाना नाही, कारण तो भरायचा तर मालकाला आधी स्वतःच्या संघाला गुण द्यावे लागतील.