वॅट वाढवून शब्द पोचत नाहीत

भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांतल्या मराठी गावांत सप्ताह जवळ आला की साऊंडवाल्याला एकच सांगणे असते: मागे बसलेल्यांना कीर्तन कळत नाही, मोठा अँप्लिफायर आण. छोट्या पॅसिव्ह पेट्यांत दम नसतो, वॅट वाढले की शब्द पोचतात, हा समज घट्ट रुजला आहे. वर्गणीचे पैसे त्यापायी जातात आणि कीर्तन कळत नाही ते नाहीच. म्हणून या समजाचे खंडन करायला हवे.

पूर्वपक्षात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करतो. पॅसिव्ह पेटीत स्वतःचा अँप्लिफायर नसतो. बाहेरचा कमी पडून आवाज फाटू लागला की ट्वीटर जळू शकतो, म्हणून थोडी ताकद हाताशी असावी. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो; कानाला दुप्पट वाटायला साधारण १० पट वॅट लागतात. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. १६ मीटरवर १०० वॅट पुरत असतील, तर तेवढाच आवाज ३२ मीटरवर न्यायला ४०० लागतील.

सभामंडपात तर हा समज पुरताच कोसळतो. वर स्लॅब, भिंतींना चकचकीत टाइल्स, खाली फरशी. कानावर पेटीतला थेट आवाज येतो, तसाच भिंतींवरून उलटून आलेलाही. वॅट वाढवा, दोन्ही सारखेच वाढतात. घुमणे तेवढेच राहते आणि त्यात अभंगाचा चरण बुडतो.

‘मग मागच्या म्हाताऱ्यांनी करावे काय?’ असे कोणी विचारील. त्यांच्याजवळ पेटी न्यावी. हुमनाबादजवळ माणिकनगरात माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) काळी गायन रंगे, तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता. पद ऐकायचे तर गाणाऱ्याजवळच बसावे लागे. तीच जवळीक आज छोटी पेटी मागच्या ओळीला देऊ शकते.

पेटी स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांहून उंच आणि किंचित खाली झुकवून ठेवावी. तसे न केल्यास व्यंजने उमटवणारे बारीक सूर पुढच्या ओळीच्या अंगांत जिरतात. कोपरा टाळावा, तिथे खर्ज फुगतो आणि शब्द झाकतो. माईक पेट्यांच्या मागच्या बाजूला हवा, नाहीतर शिट्टी ठरलेली. पेट्यांची मागची जोडी पुढच्या जोडीपासून १७ मीटरवर असेल, तर पुढचा आवाज तिथे सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि शब्द दोनदा ऐकू येतो. तेवढा उशीर मिक्सरवर मागच्या जोडीला द्यावा. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहम होतो. अशा वेळी २० मीटर लांब, ०.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर पेट्यांना मिळणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. समितीने नव्या अँप्लिफायरचे पैसे आधी जाड वायर आणि दोन स्टँडवर घालावेत.