उद्याचे राज्य कोणाचे? – बडोद्याचा एक जमाखर्च

गेल्या फेब्रुवारीत आमचे इतिहासाचे शिक्षक रजेवर होते म्हणून नववीच्या तासाला मी गेलो. मुख्याध्यापकाच्या वाट्याला असे तास आता क्वचितच येतात. बाकीचा दिवस पटसंख्येचे तक्ते भरण्यात जातो. दुसरे महायुद्ध शिकवून संपले, पाच मिनिटे उरली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आम्ही पन्नाशीला येऊ तवा जगात कुणाचं राज्य असंल?" मी फारसा विचार न करता म्हणालो, "आपलं! भारताचं!" टाळ्या पडल्या, घंटा झाली, मी बाहेर आलो.

त्याच आठवड्यात एक पालक मुलाचा दाखला न्यायला आले. मराठी शाळेतून काढून त्याला दुसऱ्या माध्यमात घालायचे होते. मी कारण विचारले तर ते अगदी नम्रपणे म्हणाले, "शाळा वाईट न्हाई सर तुमची. पण फुडं जगात काय चालणार ते बघून पोराला घालाय नको का?" मला उत्तर सुचेना. वर्गात त्या मुलाने जो प्रश्न विचारला होता तोच हा प्रश्न, फक्त बापाने विचारलेला. मी या शाळेत लागलो तेव्हा आठवीच्या तीन तुकड्या होत्या. आज एक आहे. उद्याच्या जगाची सत्ता कोणाकडे, ही विद्वानांनी कागदावर करायची चर्चा आहे असे आपण समजतो. खेड्यातला बाप मात्र रोज त्यावर पैज लावत असतो, आणि डावावर त्याचे पोर असते.

मे महिन्यात बडोद्याला मावसबहिणीकडे गेलो तेव्हा हा प्रश्न बरोबर घेऊनच गेलो. ताईचे घर दांडिया बाजारात. हा भाग जुन्या मराठी वस्तीचा. भावोजी बँकेतून निवृत्त झालेले, बडोद्याच्या इतिहासाचे वेड असलेले. त्यांची नात कॅनडाला जाण्याच्या तयारीत होती. घरात रोज रात्री जेवताना तोच विषय : कॅनडा की ऑस्ट्रेलिया, की इथेच राहायचे? मी म्हणालो, "भावोजी, पुढची पन्नास वर्षे कोणाची, हे कळल्याशिवाय ठरवणार कसं?" ते हसले. म्हणाले, "अरे, हाच प्रश्न या गावात १८०० साली विचारला असतास तर काय उत्तर मिळालं असतं? उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

सकाळी आम्ही मांडवीपर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी जे सांगितले आणि नंतर मी पुस्तकांतून जे पडताळून घेतले, ते वाचकांपुढे थोडे सविस्तर मांडतो. माझ्या मते जगाच्या सत्तेचा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगला धडा आपल्या माणसांच्या इतिहासात नाही.

पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले. १७३२ साली डाकोरला त्यांचा घातपाताने अंत झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले, ते कायमचे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. त्या वर्षी हिंदुस्थानातल्या कोणत्याही शहाण्या माणसाला विचारले असते की पन्नास वर्षांनी सत्ता कोणाची, तर त्याने 'मराठ्यांची' असेच म्हटले असते आणि त्याला कोणी वेड्यात काढले नसते. पानिपतानंतरही माधवराव पेशव्यांच्या काळात हे उत्तर पुन्हा खरे वाटू लागले होते.

सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आनंदराव आले. ते मनाने दुर्बळ. घरात भाऊबंदकी : एकीकडे कान्होजीराव, दुसरीकडे कडीचे जहागीरदार मल्हारराव, मध्ये कारभारी रावजी आप्पाजी. आता यात नवे काही नाही, मराठेशाहीत असे तंटे शंभर झाले. नवे होते ते खजिन्याचे चित्र. बडोद्यात हजारो अरब शिपाई चाकरीला होते आणि त्यांचा पगार थकलेला होता. शहराचे दरवाजे त्यांच्या हातात. सावकाराने दरबाराला कर्ज द्यायचे तर दरबाराच्या शब्दावर तो देत नसे. अरब जमादार जामीन राहिला तरच देई. म्हणजे राजाच्या वचनाला बाजारात किंमत उरली नव्हती, त्याच्याच नोकराच्या वचनाला होती! भावोजी बँकेतले असल्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज चढला. "साहेब, सत्ता गेली ती इथं. तोफ नंतर उडाली."

दोन्ही पक्षांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराकडे, जोनाथन डंकनकडे मदत मागितली. त्याने मेजर अलेक्झांडर वॉकरला फौज देऊन पाठवले. एप्रिल १८०२ च्या अखेरीस कडी पडली. रावजींनी खंबायतेस डंकनची भेट घेतली आणि जूनमध्ये करार झाला : गायकवाडांनी कंपनीची तैनाती फौज पदरी ठेवावी आणि खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा. राहिले ते अरब. थकबाकी मिळाल्याखेरीज ते हलेनात. डिसेंबरात इंग्रज फौजेने बडोद्यालाच वेढा दिला, आठ-दहा दिवसांत अरब वाकले, आणि मग त्यांचा थकलेला पगार चुकता करण्यात आला. पैसा कोठून आला? काही कंपनीने दिला आणि काही बडोद्याच्याच सावकारांनी. हरिभक्तींसारख्या पेढ्यांचे गाव हे! जे सावकार आपल्याच राजाला उधार देईनात, त्यांनी कंपनी जामीन राहिली म्हणताच थैल्या सोडल्या. पैसा बडोद्याचा, शिपाई बव्हंशी हिंदुस्थानचे, मुलूख गायकवाडांचा. कंपनीचे काय होते? वेळेवर पगार आणि पाळला जाणारा शब्द. १८०५ च्या तहाने तीन हजार पायदळ आणि अकरा लाखांवर उत्पन्नाचा मुलूख, असा हिशेब पक्का झाला.

पेशव्यांनी वसईच्या तहावर सही केली ती ३१ डिसेंबर १८०२ रोजी. वसईचा तह आपण मुलांकडून पाठ करून घेतो. बडोद्याचा करार त्याच्या सहा महिने आधीचा आहे, तो मात्र आपल्या पुस्तकांत शोधावा लागतो.

आता त्या वर्षी बडोद्यातल्या एखाद्या मराठी बापाने मुलाला काय शिकवले असते? मोडी, हिशेब आणि जमल्यास फारसी. त्या वेळच्या जगाच्या मानाने निवड अगदी बरोबर होती. मुलगा पन्नाशीला आला तेव्हा फारसी कंपनीच्या कचेऱ्यांतून हद्दपार झालेली होती. मोडी त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालली, पण बडोद्यातसुद्धा पुढे राज्यकारभाराची भाषा गुजराती झाली. आणि ती केली मराठी राजानेच, कारण प्रजा बहुतेक गुजराती. आम्हा सीमाभागातल्या माणसांना १९५६ पासून भाषा आणि राज्य या दोन शब्दांनी इतके छळले आहे की हे वाक्य लिहिताना मी जरा थांबलो. राजाने प्रजेच्या भाषेकडे जावे, हा न्याय त्या संस्थानिकाला सुचला होता. असो.

भाकिते करणारे सगळेच चुकतात असेही नाही. फ्रेंच लेखक टॉकव्हिल याने १८३५ मध्येच लिहून ठेवले की अमेरिका आणि रशिया यांच्या वाट्याला अर्धे जग येणार. केंब्रिजचे प्राध्यापक सीली यांनी १८८३ मध्ये हेच म्हटले, आणि युरोपातली जुनी राष्ट्रे या दोघांपुढे खुजी ठरतील असा इशारा दिला. दोघांनी भूमी आणि लोकसंख्या मोजली होती. पण नुसती मोजणीही दगा देते. अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे १८२० साली जगाच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या चीनचे होते. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत अफूच्या युद्धात याच चीनला इंग्लंडने गुडघे टेकायला लावले. धन चीनकडे होते, पण त्या धनाचे आरमार होऊ शकले नाही.

आणि आमच्या पिढीची फजिती? मी एम.ए.ला होतो तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, एकविसावे शतक जपानचे असे आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. मी स्वतः त्यावर निबंध लिहिला आणि चांगले गुणही मिळवले! तोक्योच्या शेअर बाजाराने १९८९ च्या डिसेंबरात जो उच्चांक गाठला तो पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मधली चौतीस वर्षे तो निबंध माझ्या ट्रंकेत पडून आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तेही आमच्यापैकी कोणाला आदल्या वर्षीपर्यंत दिसले नव्हते.

सयाजीराव महाराजांकडे मी या दृष्टीने पाहतो. मालेगावजवळच्या कौळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आला. आधीच्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या होत्या. मिरवणुकीत बैल जुंपून त्या ओढत नेत; लढाईत त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच मल्हाररावांना इंग्रजांनी एका फर्मानानिशी गादीवरून उतरवले. या मुलाने पुढे काय केले ते पाहा. १८९० मध्ये कलाभवन काढले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. (हे सांगताना भावोजी दोन क्षण थांबले. १८०२ मध्ये बाजारात जो शब्द पडला होता तो उचलायला शंभर वर्षे लागली, असे त्यांचे गणित. मला ते थोडे ओढूनताणून वाटते, पण विसरवत नाही.) रशियाला हरवलेला जपान महाराजांनी १९१० मध्ये स्वतः जाऊन पाहिला, तिथून अमेरिकेला गेले, आणि त्याच वर्षी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात येऊन गावोगाव ग्रंथालये उभारण्याच्या कामाला लागला. १९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी पंचम जॉर्ज बादशहाला एकदाच लवून पाठ फिरवली म्हणून केवढा गहजब झाला! मला त्या पाठीपेक्षा बॉर्डन महत्त्वाचा वाटतो. तैनाती फौजेच्या काळात राजाला सैन्य वाढवणे शक्य नव्हते. मग सत्ता साठवायची कशात, याचे त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे शाळा आणि ग्रंथालये.

पण हे उत्तरही पुरे पडले नाही, आणि ते लपवले तर मी इतिहासाचा शिक्षक कसला? १९१३ मध्ये याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्याला परतले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. मग कमाटी बागेत ते सुन्न होऊन बसले. आम्ही त्या बागेत गेलो. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होती, शेंगदाणेवाला होता. न्यूयॉर्कपर्यंत माणूस पाठवण्याची ऐपत असलेल्या राज्याला त्याला स्वतःच्या राजधानीत एक खोली देता आली नाही. महासत्तेच्या गप्पा कोणी मारू लागले की मला हल्ली आकडे आठवत नाहीत, ही बाग आठवते.

आजचे चित्र? २०२३ मध्ये लोकसंख्येत आपण चीनला मागे टाकले. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली आहे, जपानची त्याआधीपासून. बडोद्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये लष्करी मालवाहू विमाने जोडण्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. करारातल्या छपन्नपैकी चाळीस विमाने इथे व्हायची आहेत. शिकाऊ पोरांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्या मी पाहिल्या. माझा अंदाज विचाराल तर अमेरिका इतक्यात म्हातारी होत नाही, चीन मोठा राहील पण थकत जाईल, आणि आपण वर जाऊ. किती वर, ते आठवीतल्या पोराला सलग परिच्छेद वाचता येतो की नाही यावर राहील. तो किती जणांना येतो हे मला ठाऊक आहे, कारण ते तक्ते मीच भरतो.

निघताना ताईने चिवड्याचा डबा दिला. तिच्या नातीने कॅनडाचे अजून ठरवलेले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुले आता दहावीत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वर्गावर गेलो आणि म्हणालो, "फेब्रुवारीत मी तुम्हाला एक उत्तर दिलं होतं. ते मागे घेतो." मग तास संपेपर्यंत अरबांचा पगार, सावकारांच्या थैल्या आणि कमाटी बाग, हे सगळे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, मग परीक्षेत आलं तर काय लिहायचं?"

मी म्हणालो, "१८०२ लिही. आणि त्या वर्षी थकलेला पगार कोणी चुकता केला ते लिही." तिने ते वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावर तो प्रश्न विचारणारा मुलगा नव्हता. त्याच्याही वडिलांनी मेमध्ये दाखला नेला होता.