जुनी मोटार आणि नव्या मॉडेलचे सुटे भाग : अदलाबदलक्षमतेच्या इतिहासातील एक प्रकरण

१

मोटारीच्या इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः कारखान्याच्या दृष्टीने झाले आहे. कोणते मॉडेल कोणत्या वर्षी निघाले, कोणाच्या भांडवलावर निघाले आणि केव्हा बंद पडले, एवढ्या तपशिलावर हा इतिहास बहुधा संपतो. परंतु मोटारीच्या आयुष्यातील फारच थोडा काळ कारखान्यात जातो. उरलेली दहा, वीस, प्रसंगी पन्नास वर्षे ती रस्त्यावर आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये काढते. या दुसऱ्या आयुष्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास एक प्रश्न प्रथम विचारावा लागतो. अपघातात नादुरुस्त झालेल्या जुन्या मोटारीला तिच्याच वर्षाचा भाग मिळेनासा झाला असता, त्याच घराण्यातील पुढच्या मॉडेलचा भाग तिला बसतो काय?

हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिरीचा भासतो. वस्तुतः त्याचे उत्तर कारागिराच्या हाताइतकेच उत्पादकाच्या धोरणावर, आणि कित्येकदा राज्यसंस्थेच्या आर्थिक धोरणावर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

आरंभी दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे भाग परस्परांना बसणे ही समकालीन अदलाबदलक्षमता होय. आज निघालेला भाग वीस वर्षांपूर्वीच्या गाडीला बसणे ही कालांतरित अदलाबदलक्षमता होय. पहिलीवाचून दुसरी संभवत नाही; पण पहिली साध्य झाली म्हणजे दुसरी आपोआप येते असेही नाही.

पहिलीचा प्रसिद्ध दाखला १९०८ सालचा आहे. लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलंड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे खोलण्यात आल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग निघाले. ते सर्व एकत्र मिसळण्यात आले आणि त्यांतील ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील भाग देण्यात आले. नंतर केवळ पाने व पेचकस वापरून, कानस न लावता, तिन्ही गाड्या पुन्हा जुळविण्यात आल्या आणि धावपट्टीवर ५०० मैल चालविण्यात आल्या. या कसोटीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर चषक मिळाला. ज्या काळी भाग कानशीने घासून जागेवर बसविणे ही सर्वमान्य रीत होती, त्या काळी या कसोटीचा अर्थ स्पष्ट होता. जुळणी आता हाताच्या अंदाजावर राहिली नव्हती, ती मापावर आली होती.

त्याच वर्षी फोर्डची 'टी' मॉडेल गाडी बाजारात आली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती निघाल्या. या १९ वर्षांत तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या. पण मूळ यांत्रिक आराखडा टिकून राहिल्यामुळे उशिराचा भाग आधीच्या गाडीला लावणे पुष्कळ ठिकाणी शक्य झाले. म्हणजे कालांतरित अदलाबदलक्षमता ही एका आराखड्याला दीर्घकाळ चिकटून राहण्याचे फळ होती. आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात दरवर्षी रूप बदलण्याचे धोरण रूढ केले, तेव्हा या फळाला कीड लागली. जुनी गाडी जुनी 'दिसावी' हाच ज्या धोरणाचा हेतू, त्याच्याकडून नवा पत्रा जुन्या गाडीला बसावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तथापि बाह्य रूप बदलले तरी आतील यंत्र तितक्या त्वरेने बदलत नसे, कारण यंत्राच्या निर्मितीत गुंतलेले भांडवल मोठे असे. यावरून एक स्थूल नियम हाती येतो. यंत्राची साखळी लांब असते, पत्र्याची आखूड.

३

हा नियम भारतीय पुराव्यावर पारखून पाहण्याजोगा आहे. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, देशात टप्प्याटप्प्याने भाग निर्माण करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांना येथे स्थान उरले नाही. मुंबईत १९२० च्या दशकापासून जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्या १९५४ साली निघून गेल्या. मोटारींच्या क्षेत्रात प्रामुख्याने उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर एवढीच नावे उरली. परकीय चलनाची टंचाई आणि परवान्यांचे बंधन यांमुळे नवे साचे आणणे दुष्कर झाले. परिणामी एकदा घेतलेला आराखडा दशकानुदशके चालत राहिला.

कुर्ल्याच्या फियाटचे उदाहरण घेऊ. १९५० च्या दशकातील गोल नाकाची फियाट ११००, जिला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' असे नाव दिले, तिच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागील बाजूस होत्या. १९६४ साली आलेल्या 'डिलाइट'मध्ये त्या पुढील बाजूस गेल्या आणि सगळ्या अंगाचाच घाट बदलला. साहजिकच डिलाइटचा दरवाजा किंवा मडगार्ड डुक्कर फियाटला उपयोगी पडण्यासारखे नव्हते. तिचा चेपलेला पत्रा हातोडीनेच ठोकून सरळ करावा लागे. १०८९ घनसेंटिमीटरचे यंत्र मात्र घराण्यात कायम राहिले. पुढे हीच डिलाइट 'प्रेसिडेंट' आणि नंतर 'पद्मिनी' या नावांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. त्यामुळे १९६५ सालच्या गाडीचे तोंड टकरीत फुटले, तर तिला १९८५ च्या पद्मिनीचा पत्रा जोडण्याचा विचार मिस्त्री करू शकत असे. इटलीत हे मॉडेल १९६६ साली मागे पडले होते. त्याची वंशसाखळी कुर्ल्यात आणखी तीन दशके चालली.

अँबॅसॅडरची कथा याहून लांब आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालेली ही गाडी २०१४ पर्यंत निघत होती. मार्क २, ३ आणि ४ यांत पुढील जाळी आणि दिवे बदलले. छत, दरवाजे आणि एकूण सांगाडा बहुतांशी तोच राहिला. येथे आपला स्थूल नियम उलटा झालेला दिसतो. पत्रा टिकला आणि यंत्र बदलत गेले. डिझेल यंत्र आले, १९९० च्या दशकात इसुझूचे १८०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल यंत्र पाच गतींच्या गिअरबॉक्ससह आले, आणि ही यंत्रे जुन्या अँबॅसॅडरमध्ये बसविण्याची चाल पडली. आधारपट्ट्या नव्याने झाळाव्या लागत, प्रोपेलर दांडा कमीअधिक करावा लागे. पण सांगाडा ओळखीचा असल्याने हे काम आवाक्यातील होते. म्हणून नियम थोडा सुधारून मांडला पाहिजे. ज्या अंगात भांडवल अडकून पडते आणि जे बदलण्याची उत्पादकाला ऐपत किंवा गरज नसते, त्या अंगाची साखळी लांब राहते.

४

साखळी तुटली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण क्यूबात सापडते. १९५९ च्या क्रांतीनंतर आणि १९६२ च्या अमेरिकी व्यापारबंदीनंतर तेथील शेव्हरोले, फोर्ड, ब्यूइक या गाड्यांना स्वकुळातील नवे मॉडेल भेटणेच बंद झाले. तेथील कारागिरांनी सोव्हिएत बनावटीच्या गाड्यांची यंत्रे या गाड्यांत बसविली. हे अदलाबदलक्षमतेचे उदाहरण नव्हे. तिच्या अभावी घडलेल्या रूपांतराचे आहे. अँबॅसॅडरला इसुझू यंत्र लावणाऱ्याच्या मागे निदान उत्पादकाने एकदा करून दाखविलेली जुळणी होती. हाव्हानाच्या कारागिराला ती जुळणी प्रथमच शोधावी लागली.

भारतात साखळी आखूड झाली ती मारुतीच्या आगमनाने. डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या मारुती ८०० चे अंग १९८६ मध्येच बदलले. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे यंत्र त्याच कुळातील राहिले; पण पहिल्या गाडीचा दरवाजा पुन्हा घडला नाही. जुना नियम असा पूर्ववत लागू झाला.

५

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला आर्थिक इतिहासाविषयी आहे. परवाना-कालखंडातील मोटार उद्योगाला 'साचलेला' म्हणण्याची रीत आहे, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने ती यथार्थच आहे. परंतु जे पाणी कारखान्याच्या दृष्टीने साचले होते, त्यावरच दुरुस्तीचा संसार चालत होता. मिस्त्रीचे ज्ञान, भंगार बाजारातील साठा आणि जुन्या गाडीची किंमत ही तिन्ही आराखड्याच्या स्थैर्यावर उभी होती. हे स्थैर्य कोणी योजून आणले नव्हते. ते टंचाईतून आले. म्हणून त्याचा गौरव करण्याचे कारण नाही. मात्र त्याचा हिशेब मांडल्यावाचून त्या कालखंडाचे मूल्यमापन अपुरे राहते.

दुसरा निष्कर्ष साधनचिकित्सेचा आहे. मोटार हे ऐतिहासिक साधन मानले, तर तिच्या तोंडावरून तिचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. मार्क ४ ची जाळी असलेली अँबॅसॅडर मुळात मार्क २ असू शकते. एकाच पोथीत जसे अनेक लेखकांचे हात दिसतात, तसे एकाच गाडीत अनेक वर्षांचे भाग दिसतात, आणि कोणता हात कोणत्या काळचा हे ओळखणे हेच अभ्यासकाचे काम होय. येथे चासी क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तक यांचा आधार घ्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत बदलास मज्जाव करते. म्हणजे गाडीची ओळख कशात आहे, हा प्रश्न कायद्यालाही सोडवावा लागला आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. गाड्या मोडीत निघाल्या की त्यांच्या अंगावरील दुरुस्तीच्या खुणाही मोडीत निघतात. कारखान्याच्या सुट्या भागांच्या याद्या, परिवहन कार्यालयांतील नोंदी आणि वृद्ध मिस्त्र्यांच्या मुलाखती ही या विषयाची तीन प्रमुख साधने होत. त्यांपैकी तिसरे साधन सर्वांत आधी नष्ट होणारे असल्याने संशोधक विद्यार्थ्यांनी त्यापासूनच आरंभ करणे इष्ट ठरेल.