उसनी किल्ली

निकालपत्रकांचे कपाट उघडायचे, तर शिक्षक मुख्याध्यापकांकडून किल्ली घेतात आणि काम झाले की परत करतात. संगणकातही नेमकी हीच अडचण होती. तिचे जुने उदाहरण मात्र, गंमत अशी की, एका खेळाचे आहे!

समजा, 'मू' या अंक ओळखण्याच्या खेळाचे गुण एका फाइलमध्ये साठवायचे आहेत. फाइल सर्वांना खुली ठेवली, तर कोणीही आपले गुण वाढवून घेईल. बंद ठेवली, तर गुणांची नोंदच होणार नाही. बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' घडवताना डेनिस रिची यांनी यावर तोड काढली. प्रोग्रामच्या फाइलवर एक विशिष्ट बिट लावायचा. मग तो कोणीही चालवो, प्रोग्रामला अधिकार मिळतात ते फाइलच्या मालकाचे. रिची आणि केन थॉम्पसन यांच्या १९७४ च्या शोधनिबंधात 'मू'चा उल्लेख आहे. १९७९ मध्ये या कल्पनेला पेटंट मिळाले. युनिक्सवर परवलीचा शब्द बदलण्याची आज्ञाही याच बळावर चालत आली. पण अशा प्रोग्राममध्ये चूक राहिली, तर 'रूट' या सर्वाधिकारी खात्याची सत्ता परक्याच्या हाती जाऊ शकते.

किल्ली माणसालाच हवी असेल तर? रूटचा परवलीचा शब्द चौघांना सांगितला, की कोणी काय केले ते कळेनासे होते. १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडू' लिहिला. आजचा सुडू कोणी कोणती आज्ञा चालवावी याची यादी पाहतो, ज्याचा त्याचाच परवलीचा शब्द विचारतो आणि नोंद ठेवतो. हा द्वारपालही निर्दोष नव्हे : २०११ पासून दडलेली एक गंभीर चूक २०२१ मध्ये उघडकीस आली. तिच्यामुळे यादीत नाव नसलेल्यालाही रूट होता येत होते.

आता शेकडो यंत्रांची देखभाल 'अ‍ॅन्सिबल'सारखी (२०१२) साधने करतात. साध्या खात्याने यंत्रात शिरायचे आणि लागेल तेथे 'बिकम' सांगून अधिकार वाढवायचे. खरी मेख येथे आहे. सुडूची यादी आज्ञेच्या नावावर चालते. अ‍ॅन्सिबल तर आपला कोड दर वेळी नव्या नावाच्या तात्पुरत्या फाइलमधून चालवते! त्यामुळे 'एवढीच आज्ञा' हे बंधन टिकत नाही, त्या खात्याला सरसकट मुभा द्यावी लागते. 'बिकम' एकेका पायरीपुरते लावता येते हे खरे. पण ते ठरवणार सूचना लिहिणारा. यंत्राच्या लेखी ते खाते रूटच्याच तोलाचे.