मॉसफेटचे लघुसंकेत प्रतिमान

मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या गेटवर ठरावीक डीसी व्होल्टेज असताना त्यावर बारीकसा एसी संकेत चढवला, तर ड्रेनचा प्रवाह किती हलेल, हे काढण्यासाठी वापरायचे रेषीय मंडल. मॉसफेट बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि दावॉन कांग यांनी घडवला व १९६० मध्ये जगापुढे आला; हिशेबाची ही रीत मात्र निर्वात नळ्यांच्या काळापासूनची.

मॉसफेट मुळात सरळ रेषेत वागत नाही. संपृक्त अवस्थेत गेट-सोर्स व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितके वर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ड्रेन-प्रवाह वाढतो. या वक्रावरच्या कार्यबिंदूपाशी जो चढ असतो तोच ट्रान्सकंडक्टन्स. प्रवाहाच्या दुपटीला थ्रेशोल्डवरच्या जादा व्होल्टेजने भागले की तो मिळतो.

समजा, प्रवाह ०.५ मिलिअँपिअर आणि जादा व्होल्टेज ०.२५ व्होल्ट आहे. ट्रान्सकंडक्टन्स आला दर व्होल्टला ४ मिलिअँपिअर. पुरवठा १० व्होल्टचा आणि ड्रेनला १० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर ड्रेन ५ व्होल्टवर बसतो आणि गेन येतो ४०, उलट्या चिन्हाचा. ड्रेनचे व्होल्टेज वाढले की प्रवाहही किंचित वाढतो. त्यासाठी १०० किलोओहमचा अंतर्गत रोध समांतर धरला, की गेन ३६ वर येतो.

गेन दुप्पट करायला रेझिस्टर २० किलोओहमचा घातला तर? सगळे १० व्होल्ट त्याच्यावरच पडायला हवेत. ट्रान्झिस्टर संपृक्त अवस्थेतून बाहेर पडतो आणि वरचे एकही सूत्र लागू राहत नाही. बायस आधी, गेन नंतर. हा क्रम विद्यार्थ्यांच्या वहीत फार वेळा उलटा दिसतो.

‘बारीक’ संकेत म्हणजे किती, हेही मोजता येते. वरच्या मंडलात १० मिलिव्होल्ट शिखराच्या संकेताला दुसऱ्या हार्मोनिकचा विपर्यास सुमारे १ टक्का, तर ५० मिलिव्होल्टला ५ टक्के.

वारंवारता वाढली की धारिता जोडाव्या लागतात. गेट-ड्रेनमधली १ पिकोफॅरॅडची धारिता ३६ गेनमुळे इनपुटला ३७ पिकोफॅरॅडएवढी जाणवते. जॉन मिलर यांनी हा परिणाम १९२० मध्ये नळ्यांसाठी मांडला होता.

१९७३ मध्ये बर्कलीत आलेले स्पाइस आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातले ईसिम ज्यावर चालते ते एनजीस्पाइस, दोन्ही एसी विश्लेषणात आधी कार्यबिंदू काढून मगच हे प्रतिमान बांधतात. तिथे इनपुटला १ व्होल्ट दिला, तर १० व्होल्टच्या पुरवठ्यावर आउटपुट बेधडक ३६ व्होल्ट छापले जाते, कारण रेषीय मंडलाला पुरवठ्याची मर्यादा माहीतच नसते. ती पाहायला ट्रान्झियंट विश्लेषण वेगळे चालवावे लागते.