दामोदर कोसंबींचा तराजू

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इतिहासकार उभा राहतो. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर दगडी हत्यारे शोधीत हिंडणारा, भर्तृहरीच्या पोथ्या पारखणारा, राजाच्या नावापेक्षा त्याच्या प्रजेपाशी नांगर होता की नाही ह्याची चौकशी आधी करणारा. चित्र खरे आहे. परंतु हा गृहस्थ जन्मभर पगार घेत आला तो गणिताचा. आणि त्या गणितावर लिहिण्याची वेळ आली की आपल्याकडचे लेखक ‘ते थोर गणितीही होते’ एवढे वाक्य टाकून पुढे सरकतात. त्या ‘ही’मध्ये काय दडले आहे हे पाहण्यासारखे आहे. माझ्या मते कोसंबींचा इतिहास गणिताच्या एका विशिष्ट शाखेतून, संभाव्यताशास्त्रातून, उगवला. आणि पुढे त्याच शाखेवरील विश्वासाने त्यांना फार महागात टाकले.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात कोसबेन येथे. वडील धर्मानंद म्हणजे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे नामांकित पंडित. वडिलांबरोबर दामोदर १९१८ साली अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मिळवून परतले. काशी, अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, अशा त्यांच्या नोकऱ्या झाल्या. या काळातले त्यांचे काम भूमितीतले होते. तेही उत्तम होते. १९३३ सालच्या त्यांच्या एका निबंधाचा धागा एली कार्तान यांच्यासारख्या फ्रेंच आचार्यांनी पुढे नेला. पण तो विषय वेगळा. असो.

संख्याशास्त्राकडे ते वळले ते १९४० च्या सुमारास, आणि सरावासाठी त्यांनी विषय निवडला तो आपल्या प्राचीन आहत नाण्यांचा. ही नाणी म्हणजे चांदीचे लहानसे चौकोनी किंवा वाटोळे तुकडे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे बत्तीस गुंजांच्या कार्षापणाचे. दर्शनी बाजूस पाच ठसे ठोकलेले: सूर्य, हत्ती, टेकडी, झाड, असले काहीतरी. मागच्या बाजूस बारीकसारीक खुणा, कधी एक, कधी अनेक, कधी एकही नाही. नाव नाही, शक नाही, एक अक्षर नाही. नाणेशास्त्रज्ञ पिढ्यान्पिढ्या त्या चिन्हांकडे टक लावून बसले होते आणि ज्याला जे दिसावेसे वाटे त्याला ते दिसत होते.

कोसंबींनी चिन्हे बाजूला ठेवली आणि वजने हाती घेतली. त्यांचा विचार सराफाच्या पेढीवर बसलेल्या कोणालाही पटावा असा आहे. टाकसाळीतून निघालेली नाणी जवळजवळ एका वजनाची असतात. अगदी एकच नव्हे, कारण कापणाऱ्याचा हात थोडा इकडेतिकडे जातोच. ती बाजारात गेली की हातांहातांत झिजू लागतात. एखादे नाणे गाडग्यात पुरलेले राहते आणि झिजतच नाही. दुसरे रोज दहा गल्ले बदलते. तेव्हा अमुक एक नाणे किती झिजेल हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. मात्र हजार नाण्यांचा समुदाय घेतला की दोन गोष्टी निश्चितपणे घडतात: सरासरी वजन काळाच्या प्रमाणात उतरत जाते, आणि सरासरीभोवतीचा विखुरलेपणा वाढत जातो. गणिती ज्याला यादृच्छिक प्रक्रिया म्हणतात ती हीच. एकेका पावलाला नियम नाही, पण हजार पावलांना आहे.

हे नुसते तर्काने मानायचे नव्हते. म्हणून त्यांनी चलनातली आधुनिक नाणी गोळा करून तोलली, कारण त्यांच्यावर सालच छापलेले असते आणि झीज किती वर्षांची हे आयतेच कळते. वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तेथे दिसल्या. मग ती कसोटी तक्षशिलेला लावली. तेथील भीर टेकाडात १९२४ साली एक मोठा निखात सापडला होता. हजारावर नाणी, आणि त्यांतच सिकंदराची व त्याचा वारस फिलिप अर्हिदेअस याची, जणू कालच पाडलेली वाटावीत अशी कोरी नाणी. म्हणजे हे भांडे पुरले गेले ते इ. स. पूर्व ३१७ च्या सुमारास. या निखातातील वजने लावून पाहता कोसंबींना आढळले की, मागच्या बाजूच्या खुणा जसजशा वाढतात तसतसे सरासरी वजन उतरते. झाले! त्या खुणा म्हणजे ठराविक काळाने नाणे पारखून व्यापाऱ्यांनी मारलेले शिक्के असले पाहिजेत. ज्या नाण्यावर अक्षर नाही त्याच्या पाठीवर वय लिहिलेले निघाले, आणि ते वाचले तराजूने. ह्या निष्कर्षातील तपशिलांवर पुढे वाद झाले. तथापि नाण्यांची चर्चा अंदाजांवरून मोजमापावर आली ती कायमची.

वजनावरून क्रम लागला, पण ही नाणी पाडली कोणत्या राजांनी? त्यासाठी पुराणे व बौद्ध-जैन ग्रंथ पाहणे आले. ते एकमेकांशी जुळेनात, म्हणून संस्कृत नीट करणे आले. त्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती झाली (१९४८), आणि शेवटी १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील तो गाजलेला ग्रंथ. ही साखळी मी जुळवलेली नाही. स्वतः कोसंबींनीच एका आत्मपर लेखात ती सांगितली आहे.

याच पुण्याच्या दिवसांत, १९४३ साली, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा तेरा पानांचा एक निबंध आला. कल्पना अशी. पुण्यातल्या पावसाचा वर्षभराचा आलेख काढला तर दर वर्षी एक निराळी वक्ररेषा मिळेल. अशा शंभर वक्ररेषांचा मेळावा समोर असता त्याचे शास्त्र कसे करावे? कोसंबी म्हणतात, काही मूळ आकार असे निवडा की प्रत्येक रेषा त्यांच्या कमीअधिक मिश्रणाने बनावी, आणि एका आकाराचे प्रमाण कळल्याने दुसऱ्याच्या प्रमाणाचा काहीच सुगावा लागू नये. मग पहिले थोडेसे आकारच बहुतेक सारी हकीकत सांगून जातात. तीनशे पासष्ट आकड्यांचे काम पाचदहांत भागते. फिनलंडच्या कारी कारहुनेन यांनी १९४६-४७ च्या सुमारास आणि पॅरिसच्या मिशेल लोएव्ह यांनी १९४८ मध्ये हाच सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला, आणि जगात तो त्या दोघांच्या नावाने रूढ झाला. खवळलेल्या प्रवाहांच्या अभ्यासात आणि प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणात तो आज नित्याचा आहे. युद्धकाळात भारतात निघालेला अंक तेव्हा कोण वाचणार? अलीकडे काही ग्रंथकार कोसंबींचे नाव आरंभी जोडू लागले आहेत.

पुढच्याच वर्षीच्या चार पानांना मात्र त्यांच्या नावाचे भाग्य लाभले. गुणसूत्रावरील दोन जनुकांतले अंतर थेट मोजता येत नाही. संततीत ती दोन किती वेळा विलग झाली त्यावरून ते काढावे लागते. हॉल्डेन यांनी १९१९ साली दिलेले सूत्र असे मानत होते की, गुणसूत्राची एका ठिकाणी अदलाबदल झाली तरी शेजारच्या अदलाबदलीवर तिचा परिणाम नाही. वस्तुतः एक झाली की जवळच दुसरी होणे अवघड जाते. कोसंबींनी हा अडथळा सूत्रात आणला. शंभरांत वीस वेळा ताटातूट झाली, तर हॉल्डेनच्या हिशेबाने अंतर साडेपंचवीस एकके येते, कोसंबींच्या हिशेबाने एकवीस. पिकांच्या जाती सुधारणारे शास्त्रज्ञ आजही ‘कोसंबी फलन’ वापरतात. त्यांतील कित्येकांना हा इतिहासकार कोसंबीच, हे ठाऊक नसते.

होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. येथवर सारे चढते आहे. पण १९५९ साली त्यांनी संभाव्यतेच्याच शिडीने गणितातील सर्वांत दुर्गम किल्ल्याला हात घातला. १८५९ मध्ये मांडलेले रीमानचे गृहीतक, त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती. आपला निबंध त्यांनी छापला तो कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात, जेथे पिकांच्या पाहण्यांचे हिशेब येतात! मूळ संख्या जसजसे पुढे जावे तसतशा विरळ होतात. त्या विरळपणाच्या मानाने संख्यारेषेचे असे तुकडे पाडले की प्रत्येकात सरासरी एक मूळ संख्या पडावी, तर शंभरांपैकी सुमारे सदतीस तुकडे रिकामे, तितक्यांतच एक, अठरांत दोन, असा हिशेब यावा; मूळ संख्या जणू दैवाने फेकलेल्या धान्यासारख्या पसरल्या आहेत. निरीक्षण मनोहर आहे, आणि त्याचा एक भाग १९६३ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापलाही गेला. पण त्यावर रीमानची सिद्धता उभी राहात नाही. नाणी खरोखरच दैवाच्या हाती झिजतात. मूळ संख्या कोणी फेकलेल्या नाहीत, त्या आहेत तेथेच आहेत. ‘बहुतेक सर्व नमुन्यांत असे होते’ हे विधान एकुलत्या एका अचल रांगेला लागू करता येत नाही. गणित्यांनी ती सिद्धता मानली नाही आणि ते गृहीतक आजतागायत असिद्धच आहे.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. याचे सगळे खापर रीमानवर फोडणे बरोबर नव्हे. अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीवर पैसा खर्चावा, हे कोसंबी उघड बोलत असत, आणि ते ज्यांना आवडत नव्हते त्यांच्याच हाती संस्था होती. त्याच सुमारास मूळ संख्यांवरचे त्यांचे काही निबंध ‘एस. डुक्रे’ या टोपणनावाने छापून आले. फ्रेंच वाटावे अशा त्या नावात मराठी कानाला दुसरेच काही ऐकू येते. चिडलेल्या माणसाचा विनोद आहे तो. तरुणपणीही त्यांनी असा एक केला होता: १९३१ साली एका कल्पित गणित्याच्या, बुर्बाकीच्या, नावे सिद्धान्त दडपून दिला होता, आणि पुढे फ्रेंच गणित्यांच्या एका मंडळाने तेच नाव घेऊन जग गाजवले.

१९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते. फेब्रुवारी १९६६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा लेख आला. विषय पुन्हा तोच: आहत नाणी, त्यांची वजने, त्यांची झीज. मूळ संख्यांचा त्यात उल्लेख नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, ते वारले.